गाय उलटते, कांडी मात्र जिवंत: सत्तरीतल्या एका गोठ्याचं प्रकरण

सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे एका वाड्यावर, पाच संकरित गायींचा गोठा आहे. मागे कुळागर, बाजूला काजू, मध्ये चिऱ्याच्या भिंतींचा गोठा. दूध दोन्ही वेळा गावच्या सोसायटीत जातं आणि घराचा बराचसा खर्च त्याच पैशावर चालतो. या पाचांपैकी तांबू, गौरी आणि चांदणी या तिघी व्याल्यानंतर पुन्हा गाभ धरत नव्हत्या. माज वेळेवर येई, कांडीने, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळीने, कृत्रिम रेतन होई आणि १८ ते २४ दिवसांत गाय उलटे, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येई. तांबू आणि गौरीला चार-चार वेळा रेतन झालं होतं, चांदणीला पाच वेळा. प्रत्येक उलटण्यामागे तीन आठवड्यांचा पेंढा-खुराक फुकट जातो आणि पुढचं वेत तेवढंच लांबतं. इथे पेंढा घाटावरून विकत येतो, त्यामुळे हा हिशेब घराला चांगलाच टोचत होता.

मी पशुवैद्यक म्हणून गोठ्यात गेलो तेव्हा घरच्या वहिनींनी सगळा इतिहास सांगितला आणि शेवटी एक प्रश्न विचारला.

"दोतोर, मोरी दावं तोडून गेली, तिला गावठी वळू लागला आणि एका खेपेत गाभण राहिली. तीही पहाटेच माजावर आलेली, याही पहाटेच येतात. रेतन करणारा भाऊ नऊ वाजता येतो, वळूही तिला त्याच सुमाराला लागला. मग कांडीत दम नाही म्हणायचं का?"

या प्रश्नातच प्रकरणाचा गाभा होता. तोच गोठा, तोच चारा, माजाची तीच वेळ, माज सुरू झाल्यापासून रेतनापर्यंत जवळपास तेवढेच तास. एका गायीला वळू लागला आणि काम झालं, तिघींना कांडी लागली आणि झालं नाही. यापेक्षा चांगली तुलना कुणी ठरवून मांडली असती तरी जमली नसती.

नेहमीच्या कारणांपासून सुरुवात केली. तिघींची अंगकाठी बरी होती, हाडं वर आलेली नव्हती. खनिज मिश्रण रोज दिलं जात होतं. गुदद्वारातून हात घालून तपासलं तेव्हा गर्भाशय घट्ट, आकाराने सारखं आणि अंडाशयं चालू असल्याचं जाणवलं. माजातला बळस, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, तांबू आणि गौरीच्या बाबतीत काचेसारखा स्वच्छ आणि लांब तार धरणारा होता. चांदणीचा थोडा पातळ वाटला, पण त्यात पुवाचे कण नव्हते. गर्भाशयाच्या छुप्या दाहासाठी बळसात सोडियम हायड्रॉक्साइड टाकून तापवण्याची साधी चाचणी असते. रंग पिवळा झाला तर शंका घ्यायची. तिघींच्या बळसाचा रंग पालटला नाही. मुका, म्हणजे लक्षणं न दाखवणारा माज म्हणावा तर वहिनींची नजर पक्की. दुसऱ्या गायीला चढू देते ती खरी माजावर, हे त्या मला सांगत होत्या. गोठ्याची बाजू इथेच संपली.

मग कांडीकडे वळलो. कांड्या राज्याबाहेरच्या वीर्यकेंद्रातून आलेल्या होत्या. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ०.२५ मिलिलिटरच्या एका कांडीत २ कोटी शुक्रपेशी भरलेल्या असतात आणि वितळवल्यावर त्यांतल्या निदान निम्म्या पुढे पोहताना दिसल्या पाहिजेत. रेतन करणाऱ्या कार्यकर्त्याकडून त्याच तुकडीच्या काही कांड्या मागून घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. शुक्रपेशी पोहत होत्या. कार्यकर्ता म्हणाला, "बघा सर, माल जिवंत आहे." आणि तो खरं बोलत होता. वारंवार उलटणाऱ्या गायीचा तपास बहुतेक ठिकाणी इथेच थांबतो: कांडी जिवंत, गाय माजावर, म्हणजे दोष गायीत. मग गायीला इंजेक्शनं सुरू होतात.

मला मात्र दोन गोष्टी खटकल्या. काही शुक्रपेशी सरळ पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी शेपटीचे रुंद फटके मारत होत्या, आणि हे कांडी वितळल्यावर अगदी थोड्याच वेळात. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेत कळली. तिथे शुक्रपेशी क्षार कमी असलेल्या, पातळ केलेल्या सोडियम सायट्रेट-फ्रुक्टोजच्या द्रावणात ३७ अंशांवर तासभर ठेवल्या. या परीक्षेचं तत्त्व सोपं आहे. पेशीचं पटल शाबूत असेल तर पाणी आत शिरतं, पटल फुगतं आणि शेपटी वळून तिचा वेढा होतो. पटल फाटलेलं असेल तर पाणी आत-बाहेर मोकळं होतं आणि शेपटी सरळच राहते. १९८४ साली जयेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी शुक्रपेशींसाठी ही परीक्षा मांडली, पुढे ती जनावरांसाठीही रुळली. प्रयोगशाळेच्या द्रव नायट्रोजनमधून थेट काढून नीट वितळवलेल्या कांडीत बहुतेक शेपट्या वळल्या. गोठ्यात करतात त्या पद्धतीने वितळवलेल्या कांडीत वळलेल्या शेपट्या बऱ्याच कमी होत्या, जरी पोहण्यात दोन्हींत फार फरक दिसत नव्हता.

म्हणजे पोहणं टिकलं होतं, पटल टिकलं नव्हतं. गाय गाभण राहण्याशी या फरकाचा संबंध काय, हे समजायला शुक्रपेशीच्या पटलाचं काम नीट पाहावं लागतं. या प्रकरणाचं सगळं उत्तर त्यात आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

वळूच्या अंगातून बाहेर पडलेली शुक्रपेशी पोहू शकते, पण बीजांड फलित करू शकत नाही. हे १९५१ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उघड झालं: अमेरिकेत मिन-चुए चांग यांच्या कामातून आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांच्या कामातून. बीजांड सुटल्यावर शुक्रपेशी अंडवाहिनीत सोडल्या तर फलन फारसं होत नाही. काही तास आधी सोडल्या, मादीच्या अंगात त्यांना वेळ मिळाला, तर होतं. सशामध्ये हा वेळ साधारण सहा तासांचा निघाला. पुढच्याच वर्षी ऑस्टिन यांनी या तयारीला कॅपॅसिटेशन म्हटलं. १९५७ साली चांग यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तयार झालेल्या शुक्रपेशी पुन्हा वीर्यद्रवात ठेवल्या तर त्यांची फलनक्षमता जाते आणि मादीच्या अंगात वेळ मिळाला की परत येते. वीर्यद्रव शुक्रपेशीला तयार होण्यापासून रोखून धरतो, असा याचा अर्थ. हे वाक्य लक्षात ठेवावं, पुढे त्याची गरज पडणार आहे.

ही तयारी मुख्यतः पटलात घडते. पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे दोन थर, त्यात बसलेली प्रथिनं आणि रेणूंच्या फटीत कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉल पटलाला घट्ट आणि स्थिर ठेवतं. वीर्य बाहेर पडताना वीर्यकोषातली काही प्रथिनं शुक्रपेशीवर चढतात. मूळचे आपल्याकडचे आणि मॉन्ट्रियलमध्ये संशोधन केलेले पुट्टस्वामी मंजुनाथ यांनी या प्रथिनांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. ही प्रथिनं पटलाच्या बाहेरच्या थरातल्या कोलीनयुक्त फॉस्फोलिपिडांना चिकटतात, आणि अंडवाहिनीच्या भिंतीला धरून राहायलाही शुक्रपेशीला त्यांचाच आधार असतो. गर्भाशयाकडून अंडवाहिनीत शिरल्याबरोबर जो अरुंद भाग लागतो, तिथे शुक्रपेशी अस्तराच्या पेशींना चिकटून थांबतात. कॉर्नेल विद्यापीठात सुझन सुआरेझ यांनी गायीतल्या या साठ्यावर दीर्घकाळ काम केलं. चिकटलेली शुक्रपेशी शांत राहते, तिची तयारी मंद होते, ती जास्त वेळ जगते. बीजांड सुटण्याची वेळ जवळ आली की साठ्यातून थोड्या-थोड्या शुक्रपेशी मोकळ्या होतात.

तयारी सुरू होते ती बायकार्बोनेटने. वृषणाला लागून असलेल्या साठवण नळीत बायकार्बोनेट फार कमी असतं, अंडवाहिनीत भरपूर. ते शुक्रपेशीत शिरतं आणि एका एन्झाइमला जागं करतं, त्यातून सायक्लिक एएमपी हा संदेशरेणू वाढतो. त्याचा पहिला दिसणारा परिणाम पटलावर होतो. एरवी पटलाच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांत वेगवेगळे फॉस्फोलिपिड असतात, तो भेद मोडू लागतो, रेणू थर बदलतात. असं विसकटलेलं पटल कोलेस्टेरॉल सोडायला तयार असतं. अंडवाहिनीतले अल्ब्युमिन आणि उच्च घनतेचे लायपोप्रोटीन ते कोलेस्टेरॉल उचलून नेतात. गायीच्या बाबतीत हेपॅरिनसारखे साखरेचे लांब रेणूही या कामात भाग घेतात. १९८८ साली पॅरिश आणि सहकाऱ्यांनी हेपॅरिन वापरून वळूच्या शुक्रपेशी प्रयोगशाळेत काही तासांत तयार करून दाखवल्या, आणि आज गायीच्या परीक्षानळीतल्या फलनात तीच रीत चालते.

कोलेस्टेरॉल गेलं की पटल सैल, प्रवाही आणि जुळायला उत्सुक होतं. कॅल्शियमचा शिरकाव वाढतो. शेपटीवरचा कॅटस्पर नावाचा कॅल्शियम मार्ग २००१ साली सापडला. तो उघडला की शेपटी रुंद फटके मारू लागते. या फटक्यांनीच शुक्रपेशी अंडवाहिनीच्या भिंतीवरून सुटते आणि बीजांडाच्या आवरणातून रेटा देते. डोक्यावर ॲक्रोसोम नावाची एन्झाइमांनी भरलेली टोपी असते. तिचं वरचं आवरण बाहेरच्या पटलाला अनेक जागी जुळतं, टोपी फुटते आणि आतलं सगळं मोकळं होतं. ज्या शुक्रपेशीची टोपी फुटली तीच बीजांडाशी एकरूप होऊ शकते. त्या शेवटच्या भेटीसाठी शुक्रपेशीवर इझुमो आणि बीजांडावर जुनो ही प्रथिनं लागतात. पहिलं २००५ साली जपानमध्ये ओळखलं गेलं, दुसरं २०१४ साली इंग्लंडमध्ये.

माणसाच्या परीक्षानळीतल्या फलनाची वाटही इथेच अडली होती. रॉबर्ट एडवर्ड्स यांना मानवी बीजांडं पिकवता येत होती, पण शुक्रपेशी तयार होत नव्हत्या. तरुण संशोधक बॅरी बॅविस्टर यांनी हॅमस्टरच्या शुक्रपेशींसाठी बायकार्बोनेटयुक्त, अधिक अल्कधर्मी द्रव तयार केला होता. तो वापरल्यावर १९६९ साली मानवी फलन काचेत झालं. नऊ वर्षांनी, १९७८ च्या जुलैत, पहिलं परीक्षानळी बाळ लुईस ब्राऊन जन्मली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुर्गा. आपल्या गोठ्यातल्या प्रश्नाचं मूळ आणि या मोठ्या घटनांचं मूळ एकच आहे, म्हणून हा उल्लेख.

आता मुख्य मुद्दा. पूर्ण तयार झालेली शुक्रपेशी फार काळ जगत नाही. सैल पटलातून कॅल्शियम येत राहतं, शेपटीचे फटके ऊर्जा खातात, टोपी केव्हाही फुटू शकते. बीजांड भेटलं नाही तर ती संपते. म्हणून तयारी नेमकी केव्हा सुरू झाली, हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

गोठवलेल्या रेतात ही तयारी कांडीतच अर्धवट होऊन बसलेली असते.

स्निग्ध रेणूंना थंडी सोसत नाही. पौषात डोंगराळ गावात बाटलीतलं खोबरेल गोठतं, तसंच शुक्रपेशीच्या पटलातले वेगवेगळे स्निग्ध रेणू वेगवेगळ्या तापमानाला घट्ट होतात. २० अंशांवरून ५ अंशांपर्यंत खाली येताना काही ठिकाणी घट्ट पट्टे बनतात, काही भाग द्रव राहतो, आणि त्यांच्या सीमेवर पटल गळू लागतं. वळूच्या शुक्रपेशीत कोलेस्टेरॉलचं फॉस्फोलिपिडशी असलेलं प्रमाण माणसाच्या निम्म्याहूनही कमी आहे, त्यामुळे तिला थंडी अधिक बाधते. १९४९ साली पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलचा उपयोग दाखवला आणि रेत गोठवणं शक्य झालं. अंड्याच्या बलकातले लायपोप्रोटीन पटलाला सांभाळतात, म्हणून बलक आजही अनेक ठिकाणी वापरतात. तरीही गोठवून वितळवलेल्या शुक्रपेशींपैकी अर्ध्याच्या आसपास मरतात. ज्या वाचतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं पटल तयार झालेल्या शुक्रपेशीसारखं दिसतं: कोलेस्टेरॉल कमी, थरांचा भेद मोडलेला, आत कॅल्शियम जास्त. कॅनडातल्या जॅनिस बेली आणि इतरांनी या अवस्थेवर बरंच काम केलं आहे. शिवाय कांडी भरताना वीर्य कित्येक पटींनी पातळ केलेलं असतं. ताज्या वीर्यात मिलिलिटरला अब्जाच्या घरात असणारी संख्या कांडीत मिलिलिटरला ८ कोटींवर येते, आणि तयारी रोखून धरणारा वीर्यद्रवही तितकाच विरतो. चांग यांचं १९५७ चं निरीक्षण इथे लागू पडतं.

थोडक्यात, वळूने सोडलेली शुक्रपेशी बंद पटल घेऊन येते, अंडवाहिनीच्या भिंतीला धरून थांबते आणि वेळ आली की तयार होते. कांडीतली शुक्रपेशी अर्धं उघडं पटल घेऊनच येते आणि भिंतीला तेवढी नीट धरूही शकत नाही. तिच्यापाशी वेळ कमी असतो.

आता तास मोजू. संकरित गायीचा खडा माज, म्हणजे ती दुसरीला चढू देत उभी राहते तो काळ, साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि बीजांड सुटतं ते माज सुरू झाल्यापासून सुमारे २४ ते ३० तासांनी. सुटल्यावर ते चांगल्या अवस्थेत काही तासच राहतं. ताज्या शुक्रपेशी गायीच्या अंगात २४ ते ४८ तास तग धरतात, गोठवून वितळवलेल्या सरासरी १२ ते २४ तास. पहाटे पाचला माज सुरू झाला आणि नऊला रेतन झालं तर बीजांड दुसऱ्या दिवशी पहाटे पाच ते सकाळी अकराच्या दरम्यान सुटणार. तोवर कांडीतल्या शुक्रपेशींना २० ते २६ तास झालेले असतात. वितळवताना त्यांच्या पटलाचे आणखी हाल झाले असतील तर त्या वेळेपर्यंत कोण उरणार? मोरीला वळू लागला तोही नऊलाच, पण वळूने एका खेपेत काही अब्ज शुक्रपेशी सोडल्या, बंद पटलाच्या, वीर्यद्रवासकट. त्यांतल्या पुरेशा दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत टिकल्या.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच मोजून ठेवलं आहे. माज सुरू होताच कांडी दिली तर सुमारे ६६ टक्के बीजांडं फलित झाली, १२ तासांनी दिली तर ७४ टक्के, २४ तासांनी ८२ टक्के. माज सुरू होताच वळू लागला तेव्हा मात्र ९८ टक्के. वहिनींनी गोठ्यात उभ्या राहून विचारलेला प्रश्न आणि हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. कांडी जितकी उशिरा तितकं फलन जास्त, मग २४ तासच का थांबू नये? कारण तेव्हा बीजांड म्हातारं झालेलं असू शकतं आणि गर्भाची प्रत घसरते. १२ तासांच्या आसपासची वेळ हा दोन्ही बाजूंचा मध्य. नेब्रास्कात ट्रिंबर्गर यांनी १९४८ सालीच सांगितलेला सकाळ-संध्याकाळचा नियम यातूनच टिकून राहिला: सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. पाळला जात नव्हता, कारण कार्यकर्त्याचा फेरा सकाळचा. एवढ्या पसरलेल्या वाड्यांना तो एकटाच, मोटारसायकलवर, पावसाळ्यात चिखलातून. पहाटे फोन आला की तो येता-येता काम उरकून पुढे जाई. मला त्याचा राग येत नाही. ज्या व्यवस्थेने त्याला एवढा मोठा पल्ला दिला तिने संध्याकाळचा फेरा धरलाच नव्हता.

त्याच्याबरोबर थांबून एका वितळवण्याकडे नीट पाहिलं. त्याचा नायट्रोजनचा लहान कंटेनर अर्ध्याहून रिकामा होता. हव्या त्या वळूची कांडी शोधताना तो गोब्लेट, म्हणजे कांड्या ठेवायचा पेला, कंटेनरच्या तोंडाच्या वर काढून बघत राहिला. कांड्या उणे १९६ अंशांत असतात. उणे १३० च्या वर जाऊन परत खाली गेल्या की आतले बर्फाचे बारीक स्फटिक मोठे होतात आणि ते पटल चिरतात. एका कांडीसाठी शेजारच्या सगळ्या कांड्यांना हा झटका बसतो, आणि असे झटके दर दिवशी साठत जातात. वितळवायला तांब्यातलं पाणी घेतलं, पावसाळ्यातलं, हाताला गारच. त्याच फेरीत पुढच्या घरी आणखी एक गाय असल्याने दोन कांड्या एकदमच वितळवल्या आणि दुसरी हातात धरून तो चालत निघाला. कोमट झालेली कांडी पावसाच्या गारव्यात पुन्हा थंड होणं म्हणजे पटलाला तीच थंडी दुसऱ्यांदा. माझ्या मते दोष वेळेचा मोठा होता, पण या हाताळणीने उरलेसुरले तास आणखी छाटले.

बदल सरळ होते. कंटेनरची पातळी आठवड्याला काठीने मोजायची. गोब्लेट मानेच्या खालीच ठेवायचं आणि कांडी चिमट्याने काही सेकंदांत उचलायची. वितळवायला थर्मासमध्ये ३७ अंशांचं पाणी, थर्मामीटर बुडवून, ३० सेकंद. बाहेर काढून कोरडी पुसायची, कारण पाण्याचा एक थेंबही आत गेला तर पातळ द्रवामुळे शुक्रपेशींच्या शेपट्या वळतात, जे प्रयोगशाळेत मुद्दाम केलं होतं. कांडी बसवून रेत सोडायची गन आधी हाताने चोळून ऊबदार करायची, वितळल्यापासून काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडाच्या लगेच पुढे रेत सोडायचं, आणि एका वेळी एकच कांडी. थर्मामीटर वहिनींनीच आणून ठेवला आणि पाणी त्याच मोजून देऊ लागल्या.

वेळेचा बदल जड गेला. कार्यकर्त्याच्या वरच्यांनी आधी नकार दिला. संध्याकाळचा वेगळा फेरा त्यांच्या पेट्रोलच्या हिशेबात बसत नव्हता. तोडगा वहिनींनी काढला. शेजारच्या तीन-चार घरांच्या गायींची वही एकत्र ठेवायची, पहाटे दिसलेला माज सकाळीच कळवायचा आणि कार्यकर्त्याने परतीच्या वाटेवर संध्याकाळी याच वाड्यावर थांबायचं. वहीत माज दिसल्याची वेळ लिहायची, ऐकीव नव्हे. गाय दुसरीला चढू देत उभी राहिली ती पहिली वेळ. हंबरणं किंवा दूध कमी देणं यावरून वेळ धरायची नाही, कारण ती लक्षणं आधी सुरू होतात आणि काही तासांची चूक पुन्हा तिथेच आणून सोडते.

पुढच्या माजाला तांबूला संध्याकाळी रेतन झालं आणि ती उलटली नाही. दोन महिने उलटल्यावर हाताने तपासलं, गाभण. गौरी एकदा उलटली, दुसऱ्या माजाला गाभ धरला. तीनही बदल, म्हणजे वेळ, वितळवणं आणि कंटेनर, एकदम केलेले असल्यामुळे यातलं श्रेय एकाला वाटून देता येणार नाही. अशा गोठ्यात एकेक बदल करून बघण्याएवढी सवड कुणाला नसते, आणि ते योग्यही नव्हतं. पण आणखी दोन घरांनी वही ठेवायला घेतली, एवढं नक्की.

या कामात पुढे काय करता येण्याजोगं आहे, तर गोठवण्याआधीच पटलात कोलेस्टेरॉल वाढवणं. सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यांत कोलेस्टेरॉल भरून ते वळूच्या शुक्रपेशींना दिलं तर गोठवल्यानंतर अधिक शुक्रपेशी वाचतात, असं प्रयोगांतून दिसलेलं आहे. हे वीर्यकेंद्राच्या पातळीवरचं काम आहे. श्वेतकपिला ही गोव्याची नोंदणी झालेली स्वतःची जात, आणि तिच्या वळूंची संख्या थोडी. एकेका वळूच्या रेताचा प्रत्येक थेंब मोलाचा असताना पटल सांभाळणारी ही रीत तिथे वापरून बघावी, असं मला फार मनापासून वाटतं.

चांदणी राहिली. तिला संध्याकाळचं रेतन, मोजून वितळवलेली कांडी, सगळं मिळूनही ती पुन्हा उलटली. पुढच्या माजाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंडाशय तपासलं तेव्हा बीजांडाचं पुटक, म्हणजे ते ज्यात वाढतं तो द्रवाचा फुगा, फुटलेलं नव्हतं, हाताला तसंच मऊ, ताणलेलं लागत होतं. तिच्यात बीजांडच उशिरा सुटतं, त्यामुळे वेळेवर दिलेली कांडीही तिच्यासाठी लवकर पडते. पातळ बळसाचं कारणही कदाचित त्याच संप्रेरकांच्या गडबडीत असेल. येत्या माजाला रेतनाच्या वेळीच बीजांड सुटायला लावणाऱ्या जीएनआरएच संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, दुसऱ्या सकाळी पुटक पुन्हा तपासायचं आणि ते अजून असलं तर दुसरी कांडी द्यायची, असं ठरलं आहे. वहिनींनी वहीत तिच्या नावापुढे दोन कांड्यांची जागा आधीच आखून ठेवली आहे.